देवाच्या नावाची जवारी

माझ्या भावाला घरात थांबवून ठेवता यावं म्हणून माझ्या भावजयीनं सबंध गाव उपाशी मरता मरता वाचवलं. असं म्हटलं की लोक हसतात. म्हणतात, बसम्मा, म्हातारपणी तुझी जीभ सैल झाली. जीभ माझी लहानपणापासूनच सैल आहे, त्यात नवीन काही नाही. पण ही गोष्ट खरी आहे आणि ती सांगायला माझ्याशिवाय आता करडवाडीत कुणी उरलेलं नाही.

करडवाडी देवणीकडची. सकाळी गाडी जुंपली की दुपारच्या भाकरीला देवणीचा बाजार गाठावा, एवढ्या अंतरावर. राज्य निजामाचं, जमीन काळी, अर्धं गाव आम्हा लिंगायतांचं, उरलेलं मराठ्या-धनगरांचं, एक घर पिंजाऱ्याचं आणि नाल्यापलीकडं मांगवाडा. देवणीच्या बैलांचं नाव लांब लांब गेलेलं. बाजारात व्यापारी यायचे ते बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहायचे आणि बैल धरून उभ्या राहिलेल्या माणसाकडं बघायचे नाहीत. त्यांचं काय चुकलं? बैल बघण्यासारखे होते, माणसं नव्हती.

पेरण्या उरकल्या की घरोघरच्या कणगीचा तळ दिसायला लागायचा. श्रावणात तर सगळे सण ओळीनं आणि घरात दळायला दाणा नाही. देवानं सण नेमके उपाशी महिन्यांतच का ठेवले, हे मी अय्याला कितीदा तरी विचारलं. अय्या म्हणजे आमचे पंचाक्षरी अय्या, देवळापाशी राहणारे जंगम. हसायचे आणि खोकायचे, उत्तर कधी दिलं नाही. तरोट्याची भाजी, अंबाडीची भाजी, पुन्हा तरोट्याची भाजी. मग कर्ते पुरुष घोंगडी खांद्यावर टाकून निघायचे, सरहद्दीपलीकडं, इंग्रजाच्या मुलखात, सोलापूरच्या गिरण्यांत. गाव बायका, म्हातारे आणि बैल यांचं होऊन जायचं.

माझा भाऊ महादेवप्पा त्यातलाच. माझ्याहून लहान. मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी विधवा होऊन माहेरी आले तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोर होता. मीच त्याचं लग्न लावलं, मीच ही शिवगंगा बघून आणली. पोरगी बोलण्यात कंजूष, कामात उधळी. पहिल्या वर्षी तो सोलापूरहून दसऱ्याआधी परत आला, तिच्यासाठी हिरवं लुगडं घेऊन. पुढच्या वर्षी दिवाळीला आला. मग संक्रांत तिकडंच करून आला. दर वर्षी थोडा उशिरा यायचा आणि थोडा कमी यायचा, असं मला वाटायचं. अंगाला साबणाचा वास, बोलण्यात गिरणीतले शब्द, आणि गोठ्यात गेला तरी बैलाच्या मानेखाली खाजवायचं विसरून जायचा. शिवगंगा त्याला वाढताना त्याच्या तोंडाकडं बघत राहायची. इतकी बघायची की मला राग यायचा. माणूस समोर बसलेला असताना त्याची आठवण काढावी तसं ते बघणं होतं.

मूलबाळ नव्हतं. व्हायला नवरा घरात असावा लागतो.

लेव्हीची वर्षं सुरू झाली तेव्हाची गोष्ट. लढाई कुठं तरी दूर चालली होती आणि तिच्यासाठी म्हणून सरकार आमच्या खळ्यावरची जवारी मोजून नेत होतं. त्या साली कणग्या आधीच खाली झाल्या. एका सोमवारी अय्या कोरान्न, म्हणजे कोरड्या धान्याची भिक्षा, मागायला दारात आले, पायातली घंटा वाजवत. महादेवप्पा अजून निघाला नव्हता; आदल्या रात्री आम्ही तिघं भाजी उकडून खाऊन निजलो होतो. तरी शिवगंगा आत गेली, कुठून तरी मूठभर जवारी काढली आणि अय्याच्या झोळीत घातली. जंगम दारातून रिकामा जात नाही, ही आमची रीत. घर कितीही नाडलेलं असो.

अय्या गेले आणि ही उंबऱ्यावर बसून राहिली.

"अक्का, काल आपल्या घरात दाना न्हवता न्हवं?"

"न्हवता."

"मग आज मूठ कुठून निघाली?"

"देवासाठी निघते बाई. गाडग्याच्या बुडाला, सुपाच्या कोपऱ्याला, कुठं तरी असतीच."

"देवासाठी निघते," ती म्हणाली. "पोटासाठी का निघत न्हाई?"

मी म्हटलं, उगी बोलून बोलून भूक वाढवू नको. पण तिच्या डोक्यात ते शिरलं ते शिरलंच. दोन-तीन दिवसांत तिनं मला सगळं सांगितलं. खळ्यावर जवारी आली की प्रत्येक घरानं एक टोपली काढायची. आणि वर्षभर जात्यावर बसताना प्रत्येक बाईनं एक मूठ बाजूला ठेवायची, देवाच्या मुठीसारखी, न चुकता. ती सगळी एका पेवात जाईल. श्रावणात पेव उघडायचं आणि गावानं खायचं.

"तुमच्या भावाला मी बोलले," ती म्हणाली. "पुढल्या साली पेव उघडलं तर जानार न्हाई म्हनून राहिलेत. तसं वचनच दिलं त्येंनी मला."

हे सांगताना तिचं तोंड असं उजळलं होतं की मी जिभेवर आलेलं बोलणं गिळून टाकलं. मला म्हणायचं होतं, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

ती अय्यांकडं गेली. म्हणाली, दुसरी झोळी घ्या. एका झोळीत तुमचं कोरान्न, दुसऱ्या झोळीत गावाची मूठ. अय्यांनी घेतली. इथंच सगळी गंमत आहे. बायकांनी आपल्या पोटासाठी मूठ कधी राखली नसती. आज ठेवली असती आणि उद्या रडणाऱ्या लेकरासाठी काढली असती. पण अय्याच्या पायातली घंटा वाजली की हात आपोआप गाडग्यात जायचा. दिलेली मूठ परत घ्यायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात यायचा नाही.

पुरुषांनी आधी टिंगल केली. चावडीवर म्हणायचे, मुंग्यांनी वारूळ घातलं. सिद्रामप्पा, गावातला सगळ्यात मोठा शेतकरी, कपाळभर भस्म आणि मनात कायम कसली तरी भीती असलेला माणूस, तो आधी म्हणाला नव्याचे नऊ दिवस. पण देवळामागचं त्याच्या आज्याचं जुनं पेव त्यानंच वापरायला दिलं. जमिनीत खणलेलं, तोंडाला अरुंद, पोटाला रुंद, आत दोन माणसं उभी राहतील एवढं. आम्ही बायकांनी ते झाडून काढलं, आत गोवऱ्या पेटवून ओल घालवली, शेणमातीनं लिंपलं, कडब्याचं अस्तर लावलं. चावडीवर हसणारेच कडब्याच्या पेंढ्या घेऊन आले. फाल्गुनात खळी झाली. ज्याचं पीक बरं त्यानं दोन टोपल्या दिल्या, ज्याचं गेलं त्यानं अर्धी.

मांगवाड्यातली साखराबाई स्वतःच आली, पदरात जवारी बांधून. तिच्या दारी अय्या जात नसत. दुसऱ्याच्या रानात सर्वा वेचून, उरलेली कणसं गोळा करून आणलेली ती जवारी होती. पेवाच्या तोंडाशी उभी राहून तिनं विचारलं, "आमची चालती का?" तेव्हा सिद्रामप्पानं अय्याकडं बघितलं, अय्यांनी आभाळाकडं बघितलं. शिवगंगानं तिचा पदर धरला आणि स्वतःच पेवात रिकामा केला. मग पिंजाऱ्याची हुसेनबीही सूपभर जवारी घेऊन आली. झालं, वाद संपला. मिसळलेली जवारी कोण निवडणार?

पेव भरलं, तोंडावर शिळा बसली, मातीनं लिंपली. महादेवप्पानं स्वतः चिखल तुडवला. शिवगंगा त्याच्याकडं बघत होती आणि पहिल्यांदाच त्या बघण्याचा मला राग आला नाही.

मग लेव्हीची माणसं आली. घराघरांत शिरून कणग्या ठोकून बघितल्या. देवळामागची ओली माती बघून एकानं विचारलं, हे पेव कुणाचं?   अय्या पुढं झाले, खोकले आणि म्हणाले, "देवाचं."

"सगळं?"

"दाना न् दाना देवाचा हाय, साहेब. इचारा गावाला."

आणि सगळ्या गावानं मान हलवली. सिद्रामप्पानं तर गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगितलं, "हाव, देवाचंच." देवळाकडं तोंड करून एकानं हात जोडले आणि ती माणसं गेली. त्या दिवशी आम्ही काय हसलो! सरकारला फसवलं म्हणून पोरींनी फुगड्या घातल्या. कुणाला वाटलंही नाही की आपण सरकारला फसवलं नाही, स्वतःलाच बांधून घेतलं.

श्रावण आला. मधल्या दिवसांत पावसानं ओढ दिली होती. तीन घरचे पुरुष आधीच सोलापूरला गेले, बाकीचे पेवाच्या भरवशावर थांबले. महादेवप्पाही थांबला. रोज उठून वेशीपर्यंत जायचा आणि परत यायचा. सोमवारी पेव उघडायचं ठरलं. माती खरवडली, शिळा बाजूला केली. पेवातली कोंडलेली हवा माणूस मारते, म्हणून आधी सगळे लांब सरले. मग दोरीला दिवा बांधून आत सोडला. तो विझला. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. बऱ्याच वेळानं तो तेवत राहिला आणि महादेवप्पा आत उतरला. त्यानं वर दिलेली पहिली टोपली मी नाकाशी धरली. पेवातल्या जवारीचा तो उबट वास, थोडा आंबूस, थोडा मातीचा. कीड नाही, बुरशी नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांनाही सुटलं.

टोपली मधे ठेवली. भोवती सगळं गाव. आणि कुणीच पुढं होईना.

मला आधी वाटलं, एकमेकांना मान देतायत. मग सिद्रामप्पा हळूच म्हणाला, "देवाचं म्हनून सांगितलं आपन."

"ते सरकारला सांगितलं," मी म्हणाले.

"लिंगावर हात ठेवून सांगितलं, बसम्मा. देवानं बी ऐकलं असंल न्हवं? देवाचं खाल्लं तर वंश बुडतो."

तो कुणाला अडवत नव्हता. त्याच्या स्वतःच्या घरीही पीठ संपलेलं होतं, त्याच्या सुना मागं उभ्या होत्या, लेकरं काखेत. पण तो शब्द एकदा उच्चारला गेला आणि सगळ्या बायका एकेक पाऊल मागं सरल्या. आम्ही वर्षभर प्रत्येक मूठ काढताना देवाचंच नाव घेतलं होतं. घेतलं नसतं तर मूठ निघालीच नसती. आता तीच मूठ तोंडात घालायची? सगळी दुनिया आधी पोटोबा मग विठोबा म्हणते. आमच्या गावानं पोटोबाला विठोबाच्या देवळात कोंडून बाहेरून कडी लावली.

मी शिवगंगाकडं बघितलं. तिनं पदर पसरलेला होता. म्हटलं, ही घेईल, हिनं घेतलं की सगळे घेतील. ती टोपलीपर्यंत गेली. हात पुढं केला. मग तो हात तसाच थांबला. तिला मूल नव्हतं. वंश बुडतो म्हटल्यावर त्या पोरीच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं. तिनं पदर गुंडाळला.

जवारी परत पेवात गेली. अय्या देवळाच्या पायरीवर मान खाली घालून बसले होते. घरी आल्यावर महादेवप्पानं घोंगडी झटकली. "देव देतो अन् कर्म नेतं, अक्का," असं म्हणून तो हसला. शिवगंगानं त्याला थांब म्हटलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? चुलीपुढं बसून तिनं त्याच्यासाठी शेवटच्या पिठाची भाकरी थापली आणि ती वाटेसाठी फडक्यात बांधून दिली. उजाडताच तो गेला. ती वेशीपर्यंत गेली, आणि परत यायला तिला इतका वेळ लागला की मी शोधायला गेले. रस्त्याकडं बघत उभी होती. रस्ता रिकामा होता.

त्या आठवड्यात आमच्या गावात जे झालं तसं दुसऱ्या कुठल्या गावात होणार नाही. पेव जवारीनं भरलेलं आणि त्याच्याभोवती गाव उपाशी. रोज संध्याकाळी बायका त्या शिळेला हळदकुंकू वाहायच्या आणि घरी जाऊन तरोटा उकडायच्या.

साखराबाई मात्र हळदकुंकू वाहायला आली नाही. पुढच्या सोमवारी ती सूप घेऊन आली आणि देवळापुढं उभी राहून ओरडली, "अय्या! माजी जवारी माला परत द्या!"

लोक जमले. सिद्रामप्पा म्हणाला, "देवाला दिलेलं परत मागतीस?"

"मी देवाला कुठं दिलं? अय्या माज्या दारात येत न्हाईत. देव बी येत न्हाई. मी शिवगंगाला दिलं, तिनं माजा पदर पेवात मोकळा केला, समद्यांनी बघितलं. माजी सून बाळंत झालीया, तिला दूध उतरंना. माजं तेवढं निवडून द्या, तुमच्या देवाचं तुमच्यापाशी ठेवा."

निवडून द्या! सगळे एकमेकांकडं बघायला लागले.  शिवगंगा तेव्हा पुढं झाली. आठ दिवस ती घरात कुणाशी बोलली नव्हती, माझ्याशीसुद्धा नाही. ती अय्यापुढं बसली.

"अय्या, एक इचारू? देवाला निवद दाखवल्यावर त्याचं काय व्हतं?"

"परसाद व्हतो," अय्या म्हणाले.

"आन परसाद न्हाई म्हटला तर?"

 अय्यांना हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी. "पाप लागतं पोरी," ते म्हणाले. "परसाद नाकारनाराला लई मोठं पाप लागतं. आन हे मला, जंगमाला, सुचलं न्हाई!"

दुपारपर्यंत देवळाच्या अंगणात मोठ्या हंड्यात कण्या शिजत होत्या. अय्यांनी पेवाच्या तोंडाशी निवद दाखवला. पेवातली सगळी जवारी, शिजलेली आणि न शिजलेली, देवापुढं ठेवली आणि देवाकडून परत घेतली. पहिला द्रोण त्यांनी साखराबाईच्या हातात दिला. तिचा हात पुढं यायला बिचकला, तर म्हणाले, "घे. तुझ्या जवारीनं आमची सोडवली." सिद्रामप्पानं ते बघितलं, गिळलं, आणि मग कण्याही गिळल्या. दोन द्रोण. हुसेनबी म्हणाली, "आमच्यात बी तबर्रुक असतंच की," आणि ओढणीत शेरभर घेऊन गेली. त्या दिवशी पोरं खाऊन जिथं बसली तिथंच झोपली.

मी पोटभर खाल्लं आणि मग शिवगंगाकडं बघितलं. ती वाढत होती. तिचं लक्ष सारखं वेशीकडं. एकच सोमवार आधी हे सुचलं असतं तर! हे ती बोलली नाही. मी मनातल्या मनात शंभरदा बोलले.

त्या साली दर सोमवारी प्रसाद म्हणून घरोघर जवारी गेली आणि गावातून नंतर एकही पुरुष गेला नाही. सोलापूरकडं जाणाऱ्या बैलांच्या व्यापाऱ्याजवळ शिवगंगानं निरोप दिला: पेव उघडलं, या. व्यापारी परत आला तेव्हा सांगितलं की निरोप पोचवला, येतो म्हणाला. दिवाळीला आला नाही. संक्रांतीलाही नाही. फाल्गुनात पुन्हा पेव भरलं, पहिल्यापेक्षा जास्त. पुढच्या श्रावणात सगळे पुरुष घरी, पोटात अन्न, हाताला काम नाही. पुरुषमाणसं रिकामी बसली की भांडतात; शिवगंगानं त्यांना नाल्यावर नेलं. म्हणाली, पाणी पळून जातंय, अडवा. इर्जिकीला निघावेत तसे सगळ्यांचे बैल एकत्र आले, गाड्यांनी दगड वाहिले, बांध घातला. मांगवाड्याची आणि गावाची माणसं एकाच ओळीत दगड देत-घेत होती, आणि त्याचं काही वाटायला कुणाला सवड नव्हती. जो दगड वाहील त्याला दुप्पट प्रसाद. त्या वर्षी नाल्यात माघापर्यंत पाणी राहिलं. जिथं कुसळं उगवायची तिथं हरभरा झाला, थोडा गहू झाला. शेजारच्या गावांतले लोक बघायला यायचे. विचारायचे, हे कुणी केलं? आम्ही बोट दाखवायचो तेव्हा ही धुणं धूत असायची.

गावातल्या सगळ्या बायकांचे नवरे तिच्यापायी घरी राहिले. तिचा एकटीचा तिकडं. संध्याकाळी घरोघरी पुरुषांचे आवाज यायचे, कुणी पोरावर खेकसतोय, कुणी बैलाशी बोलतोय, कुणी बायकोला हाक मारतोय, आणि आमच्या घरात आम्ही दोघी. ती रोज तीन माणसांच्या भाकरी करायची. तिसऱ्याची भाकरी सकाळी मी खायची. शिळी भाकरी मला आवडते, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. मला अजिबात आवडत नाही.

मग मुलखात धामधूम सुरू झाली. हिंदुस्थान स्वतंत्र झाला, आम्ही निजामातच राहिलो. नाक्यानाक्यावर पहारे, रस्त्यांवर मारामाऱ्या, सोलापूरकडं पाखरूसुद्धा जाईना. वर्षभर निरोप नाही, खबर नाही. जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नाही. त्या वर्षी शिवगंगा झोपेत बोलायची. दिवसा जेवढी कंजुषी करायची तेवढं सगळं रात्री बोलायची, आणि सगळं त्याच्याशी.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, नाके उठले. आणि दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी माझा भाऊ दारात उभा राहिला. पायजमा, हातात पत्र्याची पेटी, अंगानं भरलेला. मी त्याला आधी शिव्या दिल्या आणि मग गळ्यात पडून रडले. शिवगंगा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या पुढं करताना अर्धं पाणी तिनं त्याच्या पायावर सांडलं.

सगळं गाव भेटायला आलं. त्याला पेव दाखवलं, बांध दाखवला, हरभऱ्याची हिरवी रानं दाखवली. तो खरंच हरखला. "माझ्या बायकोनं केलं?" असं दोन-दोनदा विचारत होता. जेवण झाल्यावर ओसरीवर बसलो तेव्हा मी म्हटलं, "आता घोंगडी खुंटीला टांग कायमची. श्रावणात बी कणगी खाली व्हत न्हाई आता."

त्यानं खुंटीकडं बघितलं. मग म्हणाला, "अक्का, मी हिला न्यायला आलोय."

"न्यायला? कशापायी? खायला काय कमी हाय हितं?"

"पयल्यांदा गेलो ते भुकंनंच गेलो. खोटं न्हाई सांगत. पर मग..." तो शिवगंगाकडं बघून बोलायला लागला. "मग भूक नसती तरी गेलो असतो. भोंगा झाला की जायचं, भोंगा झाला की सुटायचं. आभाळाकडं बघत बसायचं न्हाई. पेव उघडल्याचा निरोप मला मिळाला व्हता. मिळून बी आलो न्हाई. त्येच्या आदुगर, त्या सोमवारी पेवात उतरलो तवा बी माझ्या मनात यायचं, खराब निघावी जवारी. आता खोली घेतलीय. नाके बंद झाले तवा कळलं, तुझ्याबिगर तिकडं बी जीव लागत न्हाई. मी हितला राहिलो न्हाई गं. पर तुझा हाय."

मला वाटलं आता ही तांब्या फेकून मारेल. मी तरी मारला असता. ती भिंतीला टेकून बसली होती.

"मला वाटायचं भूक हाय," ती म्हणाली. "भुकंवर विलाज करता येतो. म्हनून मी भूकच धरून बसले."

दोन दिवस तिनं काही सांगितलं नाही. बायका यायच्या आणि बसून जायच्या. सिद्रामप्पानं विचारलं, "तू गेलीस तर पेवाचं कसं?" तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पेव तुमचं हाय, मामा. मी काय जवारी हाय व्हय?" साखराबाई मात्र रागावली, तिच्यावर नाही, सिद्रामप्पावर. "तिला अडवू नगा," ती म्हणाली. "आमचे घरी आले तिच्यापायी. तिचा जिथं हाय तिथं तिला जाऊ द्या की!"

तिसऱ्या दिवशी तिनं हिरवं लुगडं नेसलं. महादेवप्पा पेटी घेऊन गाडीपाशी गेला. ती माझ्या पाया पडायला वाकली आणि पडली ती तशीच राहिली, माझे पाय धरून.

"अक्का, तुमी बी चला."

"मला कुठं नेतीस? बांध फुटला तर बघायला कुनी नगं?" मी म्हणाले. बांध चांगला मजबूत होता.

ती उठली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. इतकी वर्षं ती भावाकडं तसं बघायची, त्या दिवशी माझ्याकडं. "अक्का, मी जाऊ का?"

तिला खरंच विचारायचं होतं. मी राहा म्हणाले असते तर ती राहिली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही आहे. आयुष्यात कधी नव्हे ती माझी जीभ मी आवरली. म्हटलं, जा, उशीर व्हतोय.

गाडी वेशीबाहेर गेली. ती मागं वळून बघत होती आणि मी दारात उभी होते. नाल्याचं वळण येईपर्यंत मी तो एक शब्द दातांत धरून ठेवला.